चिपांचं शेत कुठं असतं

शेअर म्हणजे नेमकं काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्याचा भाव चढायला लागला की माणसं कशी येऊन बसतात आणि पडायला लागला की कशी उठून जातात, हे मी आमच्या डाळमिलच्या ओट्यावर बघितलं आहे. ते बघायला शाळा लागत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली.

आमची मिल राजेश्वरला, मोठ्या रस्त्याच्या कडेला आहे. माझं माहेर निंबर्ग्याचं. माहेरी तूर पिकवत होते, सासरी भरडत होते, त्यामुळे लग्न होऊन मी फार लांब आले असं मला कधी वाटलं नाही. खरेदी आणि पैसा मालकांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. वाळवण, निवडणाऱ्या बायका आणि माल गाडीत चढेपर्यंतचं सगळं माझ्याकडे. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती, पडत गेली.

आमची बरीचशी डाळ उदगीरच्या एका व्यापाऱ्याकडे जाते. त्याने माल घेतला तर मिल वर्षभर चालते. नाही घेतला तर हंगाम संपला की कुलूप. त्याला डाळीत काळा दाणा चालत नाही. त्यासाठी मिलमध्ये सॉर्टिंगचं मशीन असतं. वरून डाळ पडते, आतले बारीक कॅमेरे एकेक दाणा बघतात आणि डागी दाणा दिसला की हवेचा झोत मारून त्याला बाजूला उडवतात. आमचं मशीन आम्ही घेतलं तेव्हाच कुणीतरी वापरून सोडलेलं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, आषाढात ते बंद पडलं. गुलबर्ग्याहून मिस्त्री आला. त्याने पाठीमागचं झाकण काढून एक हिरवं कार्ड बाहेर ओढलं आणि त्याच्यावरचा नखाएवढा काळा तुकडा मला दाखवला.

"ही चिप जळली बगा, अक्का."

"मग दुसरी बसव."

"चिप न्हाई बसत, कार्डच बदलावं लागतंय. आन कार्ड मिळंना झालंय."

"हैदराबादला बग."

"हैदराबाद सोडा, अक्का. जगात न्हाई."

"जगात किती गावं हायती ते तरी ठावं हाय का तुला?"

तो हसला. मग सांगायला लागला, की ह्या चिपा बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत, त्यांच्याकडे माल नाही म्हणून मोठमोठ्या मोटारींचे कारखानेही उभे आहेत, तिथे तुमची मिल कोण विचारतो. मी तो तुकडा हातात घेऊन बघितला. तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. ह्याच्यासाठी आमची मिल बंद, आणि मोटारींचे कारखानेही बंद.

बायका लावून डाळ हाताने निवडून घेतली. हाताने निवडलेली डाळ मला चांगलीच वाटली होती. उदगीरच्या व्यापाऱ्याने पोतं फोडून बघितलं आणि फोन केला.

"काकू, डाळ झकास हाय. पर माझं गिऱ्हाईक चष्मा लावून बगतंय."

"त्याला म्हनावं चष्मा काढून खा."

तो हसला, पण भाव कापूनच घेतला.

टंचाईच्या दिवसांत आमच्या धंद्याची एक रीत आहे. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मिळत नसेल तर तो एका माणसाला सांगायचा नाही, तिघांना सांगायचा. ज्याचा आधी येईल त्याचा घ्यायचा, बाकीच्यांना राहू द्या म्हणायचं. सगळेच असं करतात, म्हणून कुणी रागावत नाही. मालकांनी कार्डाचंही तसंच केलं. एक हैदराबादला सांगितलं, एक बेंगळूरला, एक लातूरला. मग आळीपाळीने तिघांना फोन करायचे. तिघेही म्हणायचे, फार मागणी आहे, थांबा. मालक फोन ठेवून मला सांगायचे, "लई मागनी हाय म्हनं. तिकडं बी तेच म्हनाले, हिकडं बी तेच."

दिवाळीला हैदराबादचं कार्ड आलं. लातूरवाल्याला राहू द्या म्हटलं. बेंगळूरवाल्याला आगाऊ पैसे दिले होते, तो ऐकेना, त्यामुळे त्याचंही एक कार्ड नंतर आलं. ते मी पितळेच्या भांड्यांच्या पेटीत ठेवून दिलं.

मशीन सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. चांगले दाणे उडवायला लागलं आणि काळे सोडायला लागलं. मिस्त्री म्हणाला, आता नवीन घ्या. नव्या मशीनसाठी आम्ही बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत आलो होतो. कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, वर्ष लागेल, आम्हालाच चिपा मिळत नाहीत. मालकांनी नाव नोंदवलं. आणखी एका कंपनीतही नोंदवलं. रीत तीच.

त्याच दिवसांत ओट्यावर गुरुजी यायला लागले. गुरुजी म्हणजे गावातल्या हायस्कुलातून निवृत्त झालेले हेडमास्तर. त्यांनी मुलाच्या सांगण्यावरून बाहेरदेशच्या चिप कंपनीचे शेअर घेतले होते. आधी ते आठवड्यातून एकदा पेपर वाचायला यायचे. भाव चढायला लागला तसे रोज यायला लागले. पेपर तसाच घडी घातलेला राहायचा. मोबाईल काढून दाखवायचे, आणि सगळे त्यावर वाकायचे. मेडिकलवाला यायचा, त्यानेही थोडे शेअर घेतले होते, खतवाला यायचा, पंचायतीतला माणूस यायचा. चहाची पावडर मी दुप्पट मागवायला लागले.

"गुरुजी, शाळेत असताना तुमी एवढं हसलेलं आमी कवा बगितलं न्हाई," मेडिकलवाला म्हणायचा.

"शाळेत पगार ठरलेला असतो रे. हसायचं कशाला?"

आमचे जावई भालकीचे, बेंगळूरला चिपांचे नकाशे काढायच्या कामात आहेत. त्या वर्षी येळवशीला ते आणि लेक आले. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडे शेतातच साजरी करतात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, मग शेंगा-भाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल सगळ्यांनी मिळून खायचं. आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. मालक त्या दिवशी आमच्या शेतात थोडंच खातात. मोटारसायकल काढून ते आळंदच्या बाजूला निघतात आणि बोलावतील त्या शेतात बसतात. कुठे घोटभर आंबिल, कुठे चमचाभर भज्जी. खाता खाता तुरीच्या शेंगा बघतात. किती पेरली, कशी भरली, कुठे वाळली. संध्याकाळी परत येतात तेव्हा पोट बिघडलेलं असतं, पण वर्षाचा भाव त्यांच्या डोक्यात बसलेला असतो. असं त्यांनी आयुष्यभर केलं आहे आणि फार चुकलेले नाहीत.

त्या दिवशी परत आल्यावर ते खोपीत जावयांशेजारी बसले.

"जावईबापू, तूर काय म्हनतीय ते मला कळालं. आता चिप काय म्हनतीय ते सांगा."

"ते बी तुरीसारखंच हाय, मामा. टंचाई आली की भाव चढतो. भाव चढला की सगळे कारखाने वाढवतात. मग माल जास्त होतो आन पडतो. मग पुन्हा चढतो."

"मग तर आपल्याच घरातलं की."

"पर तूर चार महिन्यांत येती. कारखाना उभारायला वर्षं जात्यात."

"म्हंजे टंचाई आनखी वर्षं राहनार," मालक म्हणाले. जावयांनी ते तसं म्हटलं नव्हतं, पण मालकांना तसं ऐकू आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग त्यांनी विषय काढला. मशीनला वर्ष आहे. पैसे बँकेत पडून आहेत. मशीन ज्या चिपेसाठी अडलंय त्या चिपेतच पैसे ठेवले तर काय वाईट? मशीन येईल तेव्हा काढून घेऊ.

"मामा, मशीनचे पैसे हायत ते," जावई म्हणाले.

"मशीनचेच हायत. मशीनच्या पोटातच ठेवायलाव."

"तुमच्या चिपांचं शेत कुठं हाय, तिथं बी येळवशीला जेवायला बोलवा म्हनावं," मी म्हटलं. सगळे हसले. मी नको म्हटलं नाही. तो काळा तुकडा मी हातात घेऊन बघितला होता, त्याच्यापायी मिल बंद पडलेली बघितली होती. ज्याच्या हातात तो तुकडा आहे तो पडेल कसा, असं मलाही वाटलं. संक्रांतीच्या आधी जावयांच्या हातून पैसे त्या शेअरांत गेले.

त्यानंतर भाव पडायला लागला.

पहिल्यांदा कुणी मानलं नाही. गुरुजी म्हणाले, श्वास घेतोय. मग म्हणाले, लढाई सुरू झाली तिकडे, म्हणून. मग म्हणाले, व्याज वाढवलंय अमेरिकेने. प्रत्येक वेळी कारण नवीन आणि भाव जुन्यापेक्षा खाली. उन्हाळ्यात ओट्यावर पावसाच्या गोष्टी सुरू झाल्या. पाऊस यायला अजून वेळ होता. मोबाईल खिशातून बाहेर निघायचा बंद झाला. खतवाला खत विकायला लागला. गुरुजी रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. हाक मारली तर हात वर करायचे आणि चालतच राहायचे. चहाची पावडर उरायला लागली.

मालक दुपारी गोदामात जाऊन पोत्यांवर बसायचे आणि मोबाईल बघायचे. मी एकदा विचारलं, "गोदामात कामून बसायलाव?"

"हितं बरं वाटतंय."

"भाव हितं जास्त दिसतोय का?"

मोबाईल खिशात घालून ते उठले.

उदगीरचा व्यापारी त्या वर्षात दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला. हुमनाबादकडच्या एका मिलने नवीन मशीन बसवलंय, त्यांची डाळ आरशासारखी येते. मी जुना माणूस म्हणून तुमच्याकडे थांबलोय. पण नवी तूर यायला लागली की मला ठरवावं लागेल. राग मानू नका, काकू, म्हणाला. मी राग मानला नाही. मी त्याच्या जागी असते तर केव्हाच गेले असते.

नवरात्रात मशीनच्या कंपनीचा फोन आला. मालकांनी मला ऐकू यावं म्हणून मोबाईल मोठ्याने लावला.

"अण्णा, तुमचा नंबर लागला. मशीन तयार आहे."

"तुमी तर वर्ष म्हनला होता की. आताच कसा लागला?"

"तुमच्या पुढचे बरेच गळाले, अण्णा. सगळ्यांनी दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी नाव लावून ठेवलं होतं. आता चिपा मिळायला लागल्या, ज्याला जिथं आधी मिळालं तिथं त्याने घेतलं. आम्हाला वाटलं केवढी मागणी. तेवढी नव्हतीच."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले. पोट धरून हसले.

"हसायला काय झालं?" फोनमधला माणूस म्हणाला.

"न्हाई, काय न्हाई. आमी बी त्यातलेच."

फोन ठेवल्यावर त्यांनी जावयांना लावला. जावई म्हणाले, सगळीकडे तेच झालंय, मामा. मोटारवाल्यांनी जास्तीची मागणी लावून ठेवली, कॉम्प्युटरवाल्यांनी लावली, आता सगळ्यांची गोदामं भरलीत आणि कुणी नवीन घेईना. म्हणून भाव पडलाय. मी पितळेच्या भांड्यांच्या पेटीकडे बघितलं. लई मागनी हाय, असं तिकडून सांगत होते, तेव्हा त्या मागणीत आम्हीच तिघांच्या जागी उभे होतो. आणि तीच मागणी बघून आम्ही पैसे लावले. तुरीचं पीक बघायला मालक पंचवीस शेतं हिंडतात. चिपांचं त्यांनी एकच झाड बघितलं, आणि ते आमच्याच दारातलं.

कंपनीने संक्रांतीपर्यंत पैसे मागितले, नाहीतर मशीन लातूरकडच्या मिलला जाणार होतं. दुसऱ्या कंपनीला मालकांनी आधीच राहू द्या म्हटलं होतं. शेअर विकले तर पैसे मशीनला पुरत नव्हते. उरलेल्यासाठी गोदामातली तूर काढावी लागणार होती. आणि त्या वर्षी आळंद, गुलबर्ग्याकडे उभी तूर मर रोग लागून वाळत होती. शेंगा भरायच्या वेळेला झाडं जळाल्यासारखी झाली होती. तूर चढणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

अशात पुन्हा येळवस आली. मालक त्या दिवशी दोन-चार शेतं बघूनच माघारी फिरले. वाळलेल्या तुरीत बसून लोक जेवायला बोलावत होते. खोपीत येऊन बसले आणि जावयांना म्हणाले, "पडत्या भावात आमी कवा विकलेलं न्हाई."

"मामा, चक्र हाय. खाली गेलंय ते वर येतंय."

"कवा?"

"ते कळलं असतं तर मी नोकरी केली असती का?"

"मग तुमी काय कराल?"

"मी सांगनार न्हाई, मामा. माझं बी त्यातच अडकलंय. मी सांगितलं तर ते माझ्या पोटातलं भ्या सांगतंय का डोकं सांगतंय, मलाच कळंना."

माणूस खरं बोलला म्हणून मी त्यांना आणखी भज्जी वाढली.

मालक म्हणाले, अर्धे विकू, अर्धे ठेवू. ही पण धंद्यातलीच रीत. मी म्हटलं, "अर्ध्यानं मशीनचा अर्धा भाग येतोय का? वरून डाळ पडंल, खाली कोन बगंल?"

"पुढल्या साली दुप्पट झाले तर?"

"झाले तर झाले. पुढल्या साली उदगीरवाला न्हाई. मिल न्हाई तर तुमी आन मी कुनाच्या ओट्यावर बसायचं? गुरुजींच्या?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय बी कळत न्हाई. तुमाला बी कळत न्हाई. जावयांना कळतंय, तर ते सांगंनात. कळत न्हाई ते विकायचं आन मशीन आनायचं."

लेक म्हणाली, "आई, येळवशीला भांडू नगं." मी म्हटलं भांडत नाही, जेवायलाव. मालक उठून आमच्या तुरीत गेले. आमची बरी होती, पाणी होतं म्हणून. बराच वेळ शेंगा चाचपत उभे राहिले. परत येऊन जावयांना म्हणाले, "विका. सगळे."

जावयांनी लगेच मोबाईल काढला नाही. म्हणाले, आत्ता तिकडे अमेरिकेत रात्र आहे, बाजार उघडला की करतो. मग सगळ्यांनी आंबिल घेतली.

मशीन संक्रांतीनंतर आलं. त्यासाठी तूरही विकली. उदगीरच्या व्यापाऱ्याने पहिल्या गाडीचा माल बघितला आणि काही बोलला नाही, म्हणजे पसंत पडला. तो अजून आमच्याकडे आहे. मिल चालू आहे.

आम्ही विकलेली तूर पुढे चांगलीच चढली. शेअर त्याहून चढले. कॉम्प्युटर स्वतःच बोलायला लागलेत म्हणे, त्यांना लागणाऱ्या चिपा, त्यामुळे. ज्या भावाला घेतले होते त्याच्याही वर गेले, मग त्याच्याही वर. मालकांनी मोबाईलवरून भाव बघायचं ते ॲप काढून टाकलं नाही. विकलेली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात किती दूध देते ते जसं माणूस जाता-येता बघतो, तसं ते बघतात. मी बघू देते. मला वाईट वाटलं का, असं लेकीने विचारलं होतं. वाटलं. दुप्पट पैसे गेले तर कुणाला वाटत नाही? पण भाव परत चढेपर्यंत उदगीरवाला गेलेला असता, हेही तेवढंच खरं आहे, आणि दोन्ही एकदमच खरं आहे.

गुरुजी पुन्हा ओट्यावर बसायला लागले आहेत. त्यांनी मधे विकले की ठेवले, हे त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मेडिकलवाल्याने नव्याने घेतले आहेत. ज्या भावाला घाबरून विकले होते, त्याच्या कितीतरी वर. खतवाला म्हणतो, आता हे पडणारच नाही, आता काळ बदलला.

"अण्णा, तुमी ठेवले असते तर दोन मशिनी आल्या असत्या," तो मालकांना म्हणतो.

"एक ठेवायलाच जागा न्हाई," मालक म्हणतात.

चहाची पावडर मी पुन्हा जास्त मागवायला लागले आहे. पावडर वाढली की मला जे कळायचं ते कळतं, पण कधी पडणार ते पावडरीतूनही कळत नाही.

गेल्या महिन्यात नव्या मशीनचा पडदा बंद पडला. मशीन चालतं, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. मिस्त्री आला, तोच. झाकण काढून म्हणाला, "अक्का, ह्यातली चिप पुन्हा मिळंना झालीय. सगळ्या त्या बोलत्या कॉम्प्युटरकडं जायल्यात म्हनं."

मालकांनी हैदराबादला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, फार मागणी आहे, थांबावं लागेल. मालकांनी फोन ठेवला आणि बेंगळूरचा नंबर शोधायला लागले.

मी म्हटलं, "एकाच ठिकानी सांगा की."

"आन बाकीच्यांनी तीन ठिकानी सांगितलं तर? आपला नंबर कवा लागायचा?"

मशीन आतून आंधळं झालं होतं आणि उदगीरची गाडी दोन दिवसांवर होती.

"मग दोन ठिकानी सांगा," मी म्हटलं.

त्यांनी बेंगळूरला सांगितलं. मी निवडणाऱ्या बायकांकडे निघून गेले. मागून त्यांचं बोलणं संपलं, मग पुन्हा सुरू झालं. तिघांपैकी लातूरच्या माणसाशीच ते मराठीत बोलतात, त्यामुळे फोन कुणाला लावलाय ते मला लांबूनही कळलं.